पन्नास इंची जुना प्लाझ्मा मिळतोय, घ्यावा का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. पुण्याचा मावसभाऊ बदली होऊन बंगळुरूला निघालाय आणि सामान कमी करतोय. त्याच्याकडचा ५० इंची प्लाझ्मा टीव्ही मला चार हजारांत द्यायला तयार आहे. फुल एचडी, मागच्या पट्टीवर २०१२ साल छापलंय, रिमोट आणि टेबलस्टँडसकट. टेम्पोचा खर्च माझा.

घर सांगलीत विश्रामबागला. हॉल १४ बाय ११, पश्चिमेला मोठी खिडकी, दुपारनंतर ऊन थेट समोरच्या भिंतीवर. सध्या ३२ इंची एलईडी आहे. बाबा सकाळी उठले की बातम्या लावतात, त्या जेवणापर्यंत चालतात आणि जेवणानंतर पुन्हा. संध्याकाळी आईच्या मालिका. माझी पाळी सगळे झोपल्यावर, तेव्हा जुने सिनेमे किंवा मॅच.

दिवाळीत मावसभावाकडे या सेटवर एक रात्रीचा प्रसंग बघितला. काळोखात कंदील घेऊन माणूस चाललाय, कंदिलाभोवतीचा उजेड सोडला तर बाकी पडदा बंद असल्यासारखा. तेव्हापासून घरचा टीव्ही डोळ्यांना राखाडी दिसायला लागलाय.

गावातल्या दुकानदाराला सहज विचारलं, तर तो हसला आणि ५५ इंची एलईडीचं पत्रक हातात दिलं. बायको म्हणते, विजेचं बिल कोण भरणार? तर जाणकारांनो, २०२५ सालात प्लाझ्मा घरी आणणं शहाणपणाचं आहे का? आणि असेल तर जुना सेट पारखायचा कसा?

भडंगप्रेमी

पन्नास इंच चार हजारांत, म्हणजे इंचाला ऐंशी रुपये. सांगलीत या भावात इंचभर काही मिळत नाही आता. घेऊन टाका.

वारणेचा_वाघ

आरं लगा, फुकट दिला तरी विचार करून घे. माझ्या चुलत्यानं असाच एक आणलावता, चौघंजण लागली जिन्यावरनं चढवायला. खाली उतरवायला अजून कोण तयार न्हाई.

मिरजकर_तारमास्तर

टीव्ही दुरुस्तीत माझं आयुष्य गेलं. पिक्चर ट्यूब, मग प्लाझ्मा, मग एलसीडी, सगळ्यांची पोटं उघडून झाली. घ्यायचा की नाही ते नंतर बघा, आधी सेट बघून या. आणि जाताना पेन ड्राइव्ह खिशात ठेवा. त्यात पडदाभर एकच रंग असलेली सहा चित्रं: पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं आणि मधला राखाडी. संगणकावर पाच मिनिटांत तयार होतात.

पहिली गोष्ट, सेट थंड असताना चालू करायला सांगा. तुम्ही पोचायच्या आधी त्यानं चालू करून ठेवला असेल, तर बंद करून चहा घ्या, गप्पा मारा, पूर्ण गार होऊ द्या. पॉवर सप्लायमधले वीज साठवणारे कपॅसिटर कमजोर झाले की गार सेट दोन-तीनदा टक-टक करतो आणि मग उघडतो. एकदा गरम झाला की काही कळत नाही, दिवसभर गुणी बाळ. हा दोष तसा स्वस्तात निघतो, पण भाव पाडायला उपयोगी पडतो.

मग अर्धा तास चालू द्या आणि एकेक चित्र लावा. राखाडी आणि लाल रंगावर कोपरे नीट बघा, वाहिनीच्या लोगोची सावली तिथं बसलेली असते. खालच्या बाजूला बातम्यांच्या पट्टीचा आडवा पट्टा दिसतो का ते बघा. काळ्यावर लाल-हिरवे ठिपके चमचमत असतील, तर पडद्याला वीज पुरवणाऱ्या सस्टेन बोर्डाचं व्होल्टेज सरकलेलं आहे किंवा पॅनल थकलंय. पांढऱ्यावर एका कोपऱ्यात गुलाबी किंवा पिवळट झाक आहे का तेही बघा.

आणि वरपासून खालपर्यंत केसाएवढी उभी रेघ दिसली, तर हात जोडून परत या. पॅनलच्या काचेला लवचिक पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यांच्यावरचा ड्रायव्हर गेला की अशी रेघ येते. आपल्याकडं ते काम कुणी करत नाही. आज एक रेघ आहे, पुढं चार होतील.

मागचं झाकण मात्र स्वतः उघडायच्या फंदात पडू नका. आत दोनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि पिन काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही वेळ दबा धरून बसतो.

कृष्णाकाठ

मास्तर, हेच हवं होतं. रविवारी पुण्याला जातोय, सहाही चित्रं घेऊन.

आधुनिक_नारद

मला कळत नाही, हा प्रश्न पडतोच कसा? पॅनासोनिकनं डिसेंबर २०१३ मध्ये प्लाझ्मा बनवणं थांबवलं. सॅमसंगनं नोव्हेंबर २०१४ अखेर गाशा गुंडाळला, एलजीनंही त्याच सुमारास. जगात कुठंच नवा प्लाझ्मा पॅनल तयार होत नाही. उद्या बोर्ड गेला तर दुसरा मेलेला सेट शोधून त्याचा बोर्ड काढून बसवावा लागणार.

त्यापेक्षा २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्याचा फायदा घ्या. फोर के म्हणजे चौपट ठिपके, एचडीआर म्हणजे उजेड-काळोखाचा जास्त पल्ला, आतच सगळी अ‍ॅप्स, वर वॉरंटी. मावसभावाला म्हणावं, तुझा टीव्ही तुलाच लखलाभ.

साताऱ्याचा_पिक्चरवाला

नारदमुनी, तारखा अगदी बरोबर सांगितल्यात, पण कारण सांगायचं राहिलं. प्लाझ्मा चित्र खराब म्हणून बंद पडला नाही. एलसीडीचे पॅनल स्वस्त झाले, दुकानातल्या ट्यूबलाइटच्या झगझगाटात ते जास्त उजळ दिसायचे, आणि फोर केच्या बारीक पेशी प्लाझ्मात परवडणाऱ्या खर्चात बसवता येईनात. पायोनियरचे कुरो सेट २००८ साली बाजारात होते, जाणकार आजही त्यांचं नाव काढतात, आणि त्याच कंपनीनं २००९ मध्ये टीव्हीच्या धंद्यातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. चांगला माल आणि चालणारा धंदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे राजवाड्यावरचा कुठलाही दुकानदार सांगेल.

आता मुद्द्याचं. साध्या एलईडी टीव्हीत उजेड मागून येतो आणि पुढचा पडदा तो अडवतो. तो पूर्ण अडत नाही, म्हणून काळा रंग राखाडी दिसतो. प्लाझ्मात मागे दिवाच नसतो. दोन काचांच्या मध्ये बारीक कप्पे, त्यात निऑन आणि झेनॉन वायू. वीज दिली की वायूतून अतिनील किरण निघतात, ते कप्प्याच्या आतल्या फॉस्फरच्या लेपावर पडतात आणि फॉस्फर लाल, हिरवा किंवा निळा चमकतो. फुल एचडी सेटमध्ये असे ६२ लाखांवर कप्पे असतात आणि प्रत्येक जण स्वतःपुरता पेटतो, स्वतःपुरता विझतो. कंदील लागतो तिथंच लागतो. कृष्णाकाठ यांना दिवाळीत दिसलं ते हेच.

दुसरं म्हणजे बाजूला बसलेल्याला रंग उतरलेले दिसत नाहीत. आमच्याकडे दिवाणावर, खुर्चीवर, जमिनीवर अशी माणसं पसरलेली असतात, सगळ्यांना तेच चित्र.

अवांतर: हे तंत्र १९६४ सालचं. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात बिट्झर, स्लॉटो आणि विल्सन या तिघांनी प्लेटो नावाच्या शिक्षणाच्या संगणकासाठी पडदा म्हणून ते शोधलं. टीव्ही कुणाच्या डोक्यातही नव्हता. ते पडदे नुसते नारिंगी दिसायचे.

आधुनिक_नारद

ठीक, काळा काळा दिसतो. पण ओएलईडीतही प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो-विझतो. मग जुनं कशाला?

साताऱ्याचा_पिक्चरवाला

ओएलईडी घेणार असाल तर माझा काही वाद नाही, मी स्वतः हात जोडीन. पण त्याचा भाव आणि चार हजार यांच्यामध्ये एक जुनी मोटरसायकल येते. तुलना करायची तर त्या पत्रकातल्या स्वस्त ५५ इंची एलईडीशी करा. रात्री, दिवे मालवून, दोन्हींवर एकच सिनेमा लावून. दुकानदार हे कधीच करू देत नाही.

वीजमापक

वहिनींचा मुद्दा कुणी हातात घेत नाही, म्हणून मी घेतो. प्लाझ्माचा वापर चित्रावर अवलंबून असतो. अंधाराचा प्रसंग असेल तर कमी, पांढराशुभ्र स्टुडिओ असेल तर जास्त. ५० इंची सेटला सरासरी २०० वॅट धरा. पाच तास बघितला तर रोज एक युनिट, महिन्याला तीस. ४३ इंची एलईडी ७० वॅट धरली तर तेवढ्याच वेळात महिन्याला साडेदहा. फरक वीस युनिटचा, त्यानं कुणाचं दिवाळं निघत नाही.

पण बाबांच्या बातम्या रोज बारा तास धरल्या, तर प्लाझ्मा महिन्याला ७२ आणि एलईडी २५ च्या आसपास. फरक ४७. शिवाय महावितरणची घरगुती दराची पहिली पायरी शंभर युनिटपर्यंत, त्यानंतरचं प्रत्येक युनिट पुढच्या चढ्या दरानं. तुमचा महिन्याचा वापर ८०-९० च्या घरात असेल, तर टीव्ही एकटाच तुम्हाला पायरी चढवेल. म्हणून बिल किती येईल हे टीव्हीला विचारू नका, तो कोण बघणार आहे ते विचारा.

सुलभाकाकू

बातम्यांवरून आठवलं म्हणून लिहिते. आमच्या थोरल्याकडे प्लाझ्मा होता. ह्यांना एकच वाहिनी लागायची. वर्षभरानं सून म्हणाली, आई, टीव्ही बंद केला तरी बातम्या चालूच आहेत. बघते तर खाली आडवी फिकट पट्टी आणि उजव्या कोपऱ्यात लोगोची चौकट. मालिकेतल्या लग्नात नवरीच्या शालूवरून ती पट्टी गेलेली. पुढं बर्फाचा सिनेमा लागला तेव्हा तर ती अगदी ठळक दिसली. गेली नाही ती शेवटपर्यंत.

दुसरं, दुपारी त्यात मला मीच जास्त दिसायचे. काच असते ना पुढे. खिडकी समोर असेल तर वेणी घालायला बरी.

भडंगप्रेमी

काकू, टीव्ही बंद आणि बातम्या चालू! हसून हसून पुरेवाट.

मिरजकर_तारमास्तर

काकूंनी सांगितलं ते खरं आहे. फक्त त्यात दोन प्रकार असतात. एक तात्पुरती सावली. मॅचचा धावफलक तासभर राहिला की मागे उरतो आणि दुसरं काही लावलं की थोड्या वेळात जातो, त्याला घाबरू नका. दुसरा प्रकार कायमचा. पट्टीच्या जागेचा फॉस्फर बाकीच्यापेक्षा जास्त झिजतो, आणि झिजलेला फॉस्फर परत भरत नाही. सेटमध्ये चित्र थोडं इकडंतिकडं सरकवायची सोय असते, पांढरा पट्टा फिरवायची असते. त्यानं पहिला प्रकार लवकर जातो, दुसरा नाही.

लोक "प्लाझ्मातला वायू संपतो, तो भरून मिळतो का" असं विचारत दुकानात यायचे. वायू संपत नाही, काच सीलबंद असते. झिजतात ते फॉस्फर, आणि तेही सावकाश. शेवटच्या काही वर्षांत कंपन्या उजेड निम्मा व्हायला एक लाख तास लागतात असं सांगायच्या. त्याच्या फार आधी पॉवर सप्लाय नाहीतर सस्टेन बोर्ड जातो.

घाटावरची

हे सगळं वाचून मला एकच कळलं, बाबा आणि प्लाझ्मा एका खोलीत ठेवायचे नाहीत.

नीरेकाठचा_नाना

ताई, लाख बोललात. हलके घ्या, कृष्णाकाठ.

क्रिकेटवेडी_सांगली

२ नोव्हेंबरची महिला विश्वचषकाची फायनल कुणी कशावर बघितली ते सांगा आधी! आपल्या सांगलीची स्मृती मानधना समोर खेळतेय आणि आमच्या नव्याकोऱ्या एलईडीवर चेंडू सीमारेषेकडे जाताना मागे धुरकट शेपूट. आत्याकडे जुना प्लाझ्मा आहे, तिथं चेंडू चेंडूच दिसतो. ५२ धावांनी जिंकलो म्हणून टीव्हीला माफ केलं.

पण आत्याच्या सेटवर ६०० हर्ट्झ असं चिकटवलेलं आहे. म्हणजे सेकंदाला सहाशे चित्रं?

मिरजकर_तारमास्तर

नाही हो. प्लाझ्माच्या कप्प्याला मंद पेटणं जमत नाही, पेटला तर पूर्ण नाहीतर बंद. मग कमी-जास्त उजेड दाखवायचा कसा? एका चित्राच्या वेळेत त्याला कमी-अधिक वेळा पेटवायचं. त्यासाठी प्रत्येक चित्राचे छोटे तुकडे पाडतात. सेकंदाला ५० चित्रं आणि प्रत्येकाचे १२ तुकडे, झाले सहाशे. आकडा खोटा नाही, पण एलईडीवरच्या १०० किंवा १२० हर्ट्झशी त्याची तुलना करायची नाही. दुकानात मात्र तीच करायचे.

चेंडू स्पष्ट दिसतो, कारण कप्पा झटकन पेटतो आणि झटकन विझतो. काही जणांच्या डोळ्यांना हिरवट-पिवळी रेघ मागे राहिल्यासारखी वाटते, हिरवा फॉस्फर विझायला किंचित रेंगाळतो म्हणून. काहींना पडदा फडफडल्यासारखा वाटतो. म्हणून घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी अर्धा तास बघावा. एकाचं डोकं दुखलं तरी पुढं रोज तेच ऐकावं लागतं.

आधुनिक_नारद

बरं, पण क्रिकेट दिवसाचं असेल तर? सगळं मैदान उन्हातलं. तिथं प्लाझ्मा मंद पडतो, हे मी स्वतः बघितलंय.

साताऱ्याचा_पिक्चरवाला

हे मान्य. अंधारात एकटा चंद्र दाखवायचा असेल तर प्लाझ्मा सगळी ताकद त्या चंद्रावर लावतो. सगळा पडदाच उजळ झाला की वीज आवाक्यात ठेवायला सेट आपणहून उजेड उतरवतो. दिवसाची मॅच, पश्चिमेची खिडकी आणि पुढे काच, तिन्ही एकत्र आले तर चित्र फिकं दिसणारच. मी दुपारी जाड पडदे ओढतो. बायको म्हणते, घरात थेटर आणि स्वयंपाकघरात अंधार.

वारणेचा_वाघ

त्ये फोर केचं काय? दुकानदार म्हंत्यात, फुल एचडीवर आता काय दिसत न्हाई.

वीजमापक

वाघोबा, आकडेमोड माझ्याकडं. ५० इंची फुल एचडीचा एक ठिपका अर्ध्या मिलीमीटरहून थोडा मोठा. चांगल्या नजरेच्या माणसालाही साधारण दोन मीटरच्या, म्हणजे साडेसहा फुटांच्या पुढं ते ठिपके सुटे दिसत नाहीत. कृष्णाकाठ यांच्या हॉलमध्ये सोफा भिंतीपासून दहा-अकरा फुटांवर असणार. तिथं बसून ५० इंचात फोर के आणि फुल एचडी वेगळे ओळखून दाखवा, भडंग माझ्याकडून. दिसलाच फरक तर तो एचडीआरचा आणि रंगांचा असेल, ठिपक्यांचा नाही.

उलट जपायला हवं ते साध्या वाहिन्यांपासून. एचडी नसलेली वाहिनी ३२ इंचावर खपून जाते, ५० वर तिचं पीठ झालेलं दिसतं. सेट टॉप बॉक्स एचडी आहे ना, आणि तो एचडीएमआय वायरनं जोडलेला आहे ना, हे आधी बघा. कित्येक घरांत बॉक्स एचडी आणि वायर लाल-पांढरी-पिवळी.

भडंगप्रेमी

भडंग माझ्याकडून म्हणजे कुणाकडून? नावाचा गैरवापर थांबवा.

नीरेकाठचा_नाना

आणि तो ४२ इंची एचडी रेडी प्लाझ्मा असायचा ना, त्यात १०२४ गुणिले ७६८ ठिपके. पडदा लांबट आणि ठिपक्यांचा हिशेब चौकोनी टीव्हीचा, म्हणून ठिपकेच आडवे ताणलेले. कुणी ४२ इंची स्वस्तात देत असेल तर हे विचारून घ्या. हा ५० इंची फुल एचडी आहे, म्हणजे बरा.

गावभाग_४१६४१६

विषयांतर करतो, माफी असावी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आमच्या गल्लीत ज्यांच्याकडे मोठे टीव्ही होते त्यांची तारांबळ आठवते. एलईडीवाले एकटे बगलेत मारून माळ्यावर गेले. शेजारच्यांचा प्लाझ्मा मी आणि त्यांचा मुलगा दोघांनी धरला, गुडघाभर पाण्यात, लाकडी जिना, मध्ये वळण. काच पुढच्या बाजूला जड आणि धरायला धड कडा नाही. तो वाचला, आमचं फ्रीज गेलं. विश्रामबागला तेवढी भीती नाही, पण पन्नास इंचाचं पंचवीस किलोच्या घरातलं धूड कुठल्या भिंतीला टांगताय ते बघा. वीट-सिमेंटची असेल तर ठीक. जुन्या वाड्याची मातीची भिंत असेल तर टेबलावरच ठेवा.

घाटावरची

फ्रीजचं वाचून वाईट वाटलं. आमच्या कराडच्या आत्यांचंही त्याच वर्षी बरंच गेलं.

अजून थोडं विषयांतर, महाबळेश्वरला एका बंगल्यात प्लाझ्मा होता, तो सतत गुणगुणायचा. केअरटेकर म्हणायचा, हवा मानवत नाही. थट्टा करत होता का?

मिरजकर_तारमास्तर

थट्टा नाही, शास्त्र आहे त्यात. पॅनलच्या आतल्या वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळं बाहेरची हवा दोन्ही काचा आतल्या कप्प्यांवर दाबून धरते. उंचावर हवा विरळ, दाब कमी, काच सैल पडते आणि थरथरते. पण ती तक्रार साधारण दोन हजार मीटरच्या वरची. महाबळेश्वर १३७० मीटरच्या आसपास, तिथं एवढं व्हायला नको. बहुतेक पॉवर सप्लायच गुणगुणत असणार. सांगलीला हा प्रश्नच नाही. थोडी गुणगुण प्रत्येक प्लाझ्मात असते. आवाज बंद करून, पांढरं चित्र लावून, बसायच्या जागेवरून ऐकायचं. तिथं ऐकू येत नसेल तर सोडून द्या.

वारणेचा_वाघ

मास्तर, इन्व्हर्टरवर चालंल का? आमच्याकडं लाइटीचा भरवसा न्हाई.

मिरजकर_तारमास्तर

साइन वेव्ह असेल तर चालेल. चौकोनी लाटेचा जुना इन्व्हर्टर असेल तर पॉवर सप्लाय गुणगुणतो आणि तापतो, त्यावर नको. वीज गेली की बाबांचा ३२ इंचीच चालू द्या, बॅटरीही पुरेल. व्होल्टेज वर-खाली होत असेल तर आधी सेटच्या मागच्या पट्टीवर किती ते किती व्होल्ट लिहिलंय ते वाचा, मगच स्टॅबिलायझरचा खर्च करा.

आधुनिक_नारद

एक शेवटचं विचारतो, मग गप्प बसतो. अ‍ॅप्सचं काय? २०१२ च्या सेटमध्ये असलीच तर ती केव्हाच मेली असणार.

साताऱ्याचा_पिक्चरवाला

एचडीएमआयच्या भोकात स्ट्रीमिंगची काडी खुपसायची, संपलं. ती फुल एचडी पाठवते, सेट फुल एचडी दाखवतो. एचडीआर मिळणार नाही. तुम्ही गप्प बसू नका, तुमच्यामुळेच धागा शंभरी गाठणार.

कृष्णाकाठ

जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

मावसभावानं मी यायच्या आधी सेट चालू करून ठेवलेला. मास्तरांची आज्ञा म्हणून बंद करायला लावला, तर वहिनी म्हणाल्या, टीव्ही बघायला आलात की बंद करायला? गार झाल्यावर एका दमात उघडला, टकटक नाही. पांढऱ्यावर सगळीकडे सारखा, कडेला झाक नाही. काळ्यावर ठिपके नाहीत. उभी रेघ नाही. लाल आणि हिरवा स्वच्छ. राखाडीवर मात्र वर उजव्या कोपऱ्यात एका लहान मुलांच्या वाहिनीचा लोगो, अगदी पुसट. पुतणीची कृपा. चालू सिनेमात तो शोधूनही सापडत नाही. आवाज बंद केला की जवळून गुणगुण ऐकू येते, आठ फुटांवर पंख्याच्या आवाजात विरते.

मग पडदे ओढून तासभर सिनेमा बघितला. बायकोही बरोबर होती. मध्येच म्हणाली, हा हॉलमध्ये नको. मी म्हटलं, संपलं. तर पुढं म्हणाली, मागच्या खोलीत ठेवू, तिथं ऊन येत नाही आणि मामंजी येत नाहीत.

मागची खोली दहा बाय दहा, उत्तरेला छोटी खिडकी. बसायचं अंतर आठ फूट. हॉलमधला ३२ इंची जागचा हलणार नाही. लोगो दाखवून पाचशे कमी केले, साडेतीन हजारांत ठरलं. वीजमापक, रोज दोन-अडीच तासांच्या वर तो चालणार नाही, हिशेब तुम्हीच करा.

वीजमापक

अडीच तास, २०० वॅट: महिन्याला १५ युनिट. वहिनींना नमस्कार सांगा, आख्ख्या धाग्यात नेमका निकाल त्यांनीच दिला.

सुलभाकाकू

मामंजी येत नाहीत! सून हुशार आहे हो.

आधुनिक_नारद

साडेतीन हजारांत, मागच्या खोलीत, रात्री सिनेमाला. एवढ्यापुरतं माझं म्हणणं मागे. हॉलसाठी कुणी विचारलं तर पुन्हा उभा राहीन.

मिरजकर_तारमास्तर

आता आणायचं बघा. टेम्पोत सेट उभाच ठेवायचा, आडवा घालायचा नाही. आडव्या सेटला रस्त्याचा खड्डा लागला की मोठी काच मध्यभागी लवते. काचेची बाजू टेम्पोच्या पुढच्या भिंतीकडं, मध्ये गादी, आणि दोरीची गाठ काचेवर येऊ द्यायची नाही. स्टँडचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून ती पिशवी रिमोटबरोबर तुमच्या खिशात. मूळ स्क्रू हरवला म्हणून लांब स्क्रू घातला तर तो आतल्या बोर्डाला भिडतो, असे दोन सेट माझ्याकडे आलेले.

घरी आल्यावर मागे चार बोटं मोकळी जागा, वरच्या जाळीवर कापड, फोटो, देवाची माळ काही नको. पिक्चर मोड डायनॅमिकवर असेल तर सिनेमावर आणा. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग तेच खरं वाटायला लागेल. सिनेमा संपल्यावर मेनू तसाच उघडा ठेवून झोपायचं नाही.

तासगावचा_बेदाणा

मास्तर, धागा उशिरा वाचला. सासऱ्यांकडे ४२ इंची प्लाझ्मा बंद पडून आहे. चालू केला की लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, थांबतो, परत लुकलुकतो. चित्र नाही, आवाज नाही. भंगारात घालू का?

मिरजकर_तारमास्तर

थांबा, घालू नका. किती वेळा लुकलुकतो ते मोजा, तो आकडा म्हणजे बिघाडाचा कोड असतो, कुठला बोर्ड तक्रार करतोय ते त्यावरून कळतं. कंपनी, मॉडेल आणि लुकलुक, तिन्ही लिहून वेगळा धागा काढा. आणि पॅनल शाबूत असेल तर बोर्डांचं काही झालं तरी कुणाच्या तरी उपयोगाचा आहे. या धाग्यातच एक गिऱ्हाईक तयार झालंय.